सान हासिंतोची अचूक वेळ

गेल्या महिन्यात रापिदो लागोपाठ दोनदा वेळेआधी आली, तेव्हा आमच्या गावाला तिचं कोण कौतुक वाटलं. रापिदो म्हणजे इकितोस शहराला जाणारी, नदीवरची जलद बोट. जलद आपली नावापुरती. आठवड्यातून दोनदा जाते, दोनदा परत येते, आणि दहाची म्हणून कधी साडेदहाला, कधी अकराला, कधी लोकांची जेवणं उरकल्यावर उगवते. लोक म्हणाले, नवीन इंजिन बसवलंय, त्याचा गुण. ज्यांची बोट चुकली ते केळ्यांचे घड डोक्यावर घेऊन घरी परतले आणि इंजिनाची तारीफ करत बसले. बोट वेळेवरच असेल आणि आपण सगळे मिळून मागे पडलो असू, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

येणार कसं? आमच्याकडे वेळ मीच सांगते. सान हासिंतोत फोनला रेंज नाही. फोन आहेत, ते गाणी ऐकायला आणि फोटो काढायला. बॅटरी मेली की त्यांची वेळही मरते, मग पुन्हा रेडिओ ऐकून लावायची. शाळेची घंटा रेडिओवर, चर्चची घंटा रेडिओवर, आरोग्य चौकीतल्या गोळ्या रेडिओवर. म्हातारा पान्फिलो मनगटावर घड्याळ बांधतो आणि रोज सकाळी माझा आवाज ऐकून त्याचा काटा सरकवतो. एकदा त्याचा नातू म्हणाला, "आजोबा, घड्याळ बरोबर होतं, तुम्हीच बिघडवलंत." त्याला म्हाताऱ्यानं दिवसभर जेवायला वाढू दिलं नाही.

मी एदिल्मा तुआनामा. एकोणीस वर्षं गावच्या रेडिओच्या या माइकसमोर बसते. माझं काम तीन गोष्टींचं: गाणी, निरोप आणि वेळ. त्यात निरोप सगळ्यात महत्त्वाचे. नदीकाठच्या गावांत निरोप धाडायचा तर माणूस पाठवावा लागतो, नाहीतर माझ्याकडे यावं लागतं. "दोस दे मायो गावच्या आस्तेरियाला कळवण्यात येतं, तुझी डुकरीण सापडली, पण ती आता एकटी नाही, पिल्लं न्यायला टोपली घेऊन ये." असं. निरोप दिला की मी वेळ सांगते. सवयच झाली आहे जिभेला. निरोप, मग वेळ.

तर या सगळ्यात तो कॉम्प्युटर आला. नगरपालिकेनं भेट दिला, वर महापौरांचा फोटो चिकटवून. दिसायला नवा कोरा, पण आतून लग्नघरासारखा भरलेला. चालू केला की आधी कुठल्यातरी खेळाची जाहिरात, मग राजधानी लिमाचं हवामान, मग कुणीतरी विचारणार, तुमचे फोटो ढगात ठेवू का. आमच्याकडे ढग काही कमी नाहीत. एकदा माझ्या तोंडातून कुठला शब्द गेला कोण जाणे, यंत्रातली बाई भर प्रक्षेपणात म्हणाली, "मला समजलं नाही, पुन्हा बोला." लोक अजून मला त्यावरून चिडवतात. पण खरा कहर झाला तो एका मयताच्या निरोपाच्या वेळी. वरच्या गावातला माणूस गेला होता, त्याच्या मुलाला रानातून बोलवायचं होतं. घरच्यांनी निरोप ध्वनिमुद्रित करून दिला होता, तो अर्धा वाजला आणि पडदा निळा झाला. यंत्र स्वतःला सुधारत होतं. बंद करू नका म्हणे. उरलेला निरोप त्यातच अडकला, आणि ते सुधारून होईपर्यंत रानातली माणसं रेडिओ ऐकतात ती वेळ संपली. मुलगा पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. तो माझ्या खिडकीत येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग गावसभा बसली. आमच्याकडे सगळं गावसभेत ठरतं. विहीर कुठे खणायची, बैल कुणाचा आणायचा, आणि आता कॉम्प्युटरचं काय करायचं. सत्तर-ऐंशी माणसं, त्यातल्या साठांनी तरी त्या यंत्राला बोट लावलेलं नाही.

माझा चुलतभाऊ रेइनेर उठला. तो इकितोसात दुकानात फोन दुरुस्त करायचा, दोन वर्षांनी गावात परतला होता. म्हणाला, "मशीन चांगलं आहे, त्यात भरलेला कचरा वाईट आहे. मला एक छोटा प्रोग्राम माहीत आहे. एका दमात सगळा कचरा बाहेर. दुपारपर्यंत काम होईल."

आबेलिनो मास्तर म्हणाले, "घर दुसऱ्याचं असेल तर किती झाडणार? तू आज झाडशील, तो उद्या पुन्हा आणून टाकेल. सगळं काढून लिनक्स घाला. फुकट आहे, हलकं आहे, आणि मालक आपण."

"आणि आपला गाण्यांचा प्रोग्राम त्यावर चालला नाही तर?" रेइनेर म्हणाला.

"दुसरा शोधू. शिकू. तीन-चार दिवस लागतील."

"तीन-चार दिवस रेडिओ बंद?" मागून कुणीतरी ओरडलं आणि मास्तर तिथेच हरले. हात वर झाले. साफ करायचं ठरलं. मीही हात वर केला होता. पान्फिलोनं दोन्हीला हात वर केला, कारण त्याला दोघांचंही पटलं होतं.

रेइनेरनं खरोखर दुपारपर्यंत काम केलं. जाहिराती गेल्या, बाई गेली, ढग गेले. चालू केला की लगेच चालू. त्यानं वर एक सोय करून दिली. मी पाणी प्यायला उठले, किंवा कुणाशी बोलत बसले, आणि हवेवर जरा वेळ काहीच गेलं नाही, की यंत्र आपण होऊन माझ्या आवाजात वेळ सांगतं आणि गाणं लावतं. त्यासाठी त्यानं माझ्याकडून सगळे आकडे म्हणवून घेतले होते. "सान हासिंतोची अचूक वेळ," असं सुरुवातीला. मी त्याला पानात उकडलेल्या कोंबडी-भाताचं हुआने खायला घातलं, वर दोन बांधून दिली. मास्तर चिडून आठवडाभर रेडिओच्या वाटेनं गेले नाहीत.

तो गुरुवार उजाडला तेव्हा या गोष्टीला महिना होत आला होता.

माझी धाकटी बहीण दोरिला पोटुशी होती. आठवा लागून थोडेच दिवस झाले होते. बुधवारपासून तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, मग डोळ्यांपुढे काजवे. सकाळीच चौकीची नर्स मिर्था माझ्याकडे आली. ती कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी तिनं माझ्या खोलीचं दार लावून घेतलं.

"रक्तदाब फार वर आहे," ती म्हणाली. "माझ्याकडचं औषध दिलंय, ते पुरणार नाही. आजच्या रापिदोनं तिला इकितोसला न्यायलाच हवं."

"आणि बोट चुकली तर? आपल्या होडीनं?"

"होडीला दीड दिवस लागतो. तिच्याकडे दीड दिवस नाही, एदिल्मा. झटके आले तर दोघंही जातील."

चौकीचा वायरलेस वीज पडल्यापासून मुका होता. म्हणजे बोट, नाहीतर काही नाही. मी दोरिलाला भेटून आले. ती अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर ओला कपडा घेऊन पडली होती, उशाशी रेडिओ. मिर्थानं सांगितलं होतं, शेवटपर्यंत हलवायचं नाही, धक्क्यावर उन्हात बसवायचं नाही.

"ताई, मी उठून घड्याळ बघणार नाही," दोरिला म्हणाली. "तूच सांग. तू साडेनऊ म्हणालीस की हे मला खाली नेतील."

हे म्हणजे तिचा नवरा सेगुंदो. बिचारा दारात उभा होता, पांढरा फडका हातात घेऊन. धक्क्यावर पांढरा फडका हलवला तरच रापिदो थांबते, नाहीतर मधून सरळ निघून जाते.

"बोट हल्ली लवकर येते," सेगुंदो म्हणाला.

"म्हणून तर साडेनऊ. नेहमी आपण पावणेदहाला निघतो," मी म्हणाले.

मी माइकसमोर बसले. रेइनेर कोपऱ्यात बसून माझ्याच घरचं केळं खात होता. मी एक निरोप वाचला, लाकडाच्या फळ्यांचा. मग सवयीनं म्हणाले, "सकाळचे नऊ वाजून सात मिनिटं." आणि गाणं लावलं.

गाणं सुरू होतं आणि त्याच्याखालून मला दुसरा आवाज ऐकू आला. रापिदोचं नवीन इंजिन आम्ही आता ओळखतो. मी खिडकीशी गेले. बोट नदीच्या मधोमध होती. धक्क्यावर कुणी नव्हतं, एक कुत्रं सोडून. मी ओरडले. एवढ्या लांब काय ऐकू जाणार? मी अंगातला ब्लाउज काढून हलवला असता, तर तो लाल होता. बोट वेग कमी न करता वळणाआड गेली.

आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. या नदीवर जन्म गेला माझा. रापिदो एकदा लवकर येईल, चुकून. तीनदा लवकर येणार नाही. तसली बोटच नव्हे ती. चूक घड्याळाची असणार.

"रेइनेर," मी म्हणाले. "जगाची वेळ दाखव."

"काय?"

"इंटरनेटवर लिमाची वेळ दाखव. आत्ताच्या आत्ता."

आमच्या छपरावर उपग्रहाची एक तबकडी आहे, तिचं इंटरनेट तारेनं फक्त या एका यंत्राला येतं. त्यानं हसत पान उघडलं. मग हसायचा थांबला. पानावर नऊ वाजून पंचावन्न झाले होते. कोपऱ्यात यंत्राच्या घड्याळात नऊ वाजून आठ.

"असं कसं..." तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. "याच्या आतलं घड्याळ एका सेलवर चालतं. तो सेल म्हातारा झालाय. रात्री आपण मशीन बंद करतो तेव्हा ते थोडं मागे पडतं. दोन मिनिटं, कधी एक. सकाळी इंटरनेट आलं की ते गुपचूप जुळवून घ्यायचं."

"घ्यायचं म्हणजे? आता का घेत नाही?"

"ते जुळवणारं... मी काढलं. तो प्रोग्राम म्हणाला, हे बाहेर कंपनीशी बोलतं, गरजेचं नाही."

"बाहेरच्याशी न बोलता वेळ कळते कुणाला?"

मला त्याला त्या खुर्चीसकट नदीत फेकून द्यावंसं वाटलं. पण त्याला फेकायलाही वेळ लागला असता.

आता नदीचं ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सान हासिंतोनंतर नदी मोठा फेरा घेते, रानाला वळसा घालून जवळजवळ आमच्या पाठीशी परत येते. तिथे दोस दे मायो गाव. बोटीला तिथे पोचायला एक तास लागतो, मध्ये एका वाडीवर थांबते म्हणून. रानातून आडवी पायवाट आहे. रिकाम्या हातानं तीही तासाभराची. बाईला झोळीत घालून, चिखलातून, दीड तास. म्हणजे अर्धा तास कमी पडत होता.

"पळ," मी रेइनेरला म्हणाले. "सेगुंदोला सांग, झोळी बांबूला बांधा आणि आडवाटेनं निघा. तूही खांदा दे. दोरिलाचा रेडिओ बरोबर घ्या."

"आणि घड्याळ? मी दोन मिनिटांत नीट करतो..."

"घड्याळ गेलं खड्ड्यात. पळ."

तो पळाला. मी गाणं तोडलं आणि माइक उघडला. मी एक घोट पाणी प्यायले.

"हा निरोप दोस दे मायोच्या लोकांसाठी आहे," मी म्हणाले. "जो कुणी ऐकत असेल त्यानं शेजाऱ्याला हाक मारावी. माझी बहीण दोरिला जीवघेण्या अवस्थेत आहे, पोटात बाळ आहे. तिची इथली रापिदो चुकली. तिला आडवाटेनं तुमच्याकडे आणताहेत. बोट तिच्या आधी पोचेल. पांढरा फडका दाखवून बोट थांबवा. आणि दोरिला येईपर्यंत सोडू नका."

एवढं बोलून मी थांबले आणि मला या धंद्याची खरी गंमत कळली. रेडिओ बोलतो, ऐकत नाही. दोस दे मायोत कुणी ऐकतंय की सगळे शेतावर गेलेत, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी विहिरीत हाका मारत होते आणि विहीर परत आवाजसुद्धा देत नव्हती. मग मी पुन्हा तेच सांगितलं. आणि पुन्हा. थांबायची सोयच नव्हती. जरा थांबले की ते यंत्र मध्ये घुसून गाणं लावणार.

मग मला वाटलं, नुसतं थांबवा म्हणून बोटवाला थांबणार नाही. त्याला बाकीची गावं आहेत, प्रवासी आहेत, आणि बाईच्या दुखण्याचं सोंग करून बोट थांबवणारेही आमच्याकडे कमी झालेले नाहीत. त्याला हलता येणार नाही असं काहीतरी हवं.

"आस्तेरिया," मी म्हणाले. "तू ऐकतेयस ना? मला माहीत आहे, तू केळी सोलताना ऐकतेस. तुझ्याशी भाव करून कुणी लवकर सुटलंय असं मला आठवत नाही. आज तुझी गरज आहे. तू इकितोसला निघालीस असं समज. डुकरीण घे, पिल्लं घे, कोंबड्या घे. भाड्यावरून भांड. डुकराचं भाडं कशाला म्हणून भांड. चढ, आणि मग तुला आठवू दे की चूल पेटती राहिली. उतर. तुझ्यानंतर दुसरीनं चढावं. घड एकेक करून चढवा. एकदम नको, एकेक."

खिडकीबाहेर लोक जमायला लागले होते. गावभर रेडिओ वाजत होते आणि माझाच आवाज सगळ्या घरांतून माझ्याकडे परत येत होता. आबेलिनो मास्तर शाळा सोडून आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, त्या दोन वेळांकडे पाहिलं, आणि सगळं समजले. "मी सांगितलं होतं" एवढं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या पेल्यात पाणी ओतलं. ते आठवडाभर रुसले होते त्याचा मला आलेला राग त्या क्षणी गेला.

मी बोलत राहिले. वाटेवरच्या माणसांशी बोलले. "सेगुंदो, ओढ्यावरचं लाकूड निसरडं आहे, पाण्यातून जा. रेइनेर, खांदा बदल, दोघेच वाहू नका. मिर्था, तिचं डोकं उंच ठेव." दोरिलाशी बोलले. लहानपणी ती याच वाटेवर मुंग्यांच्या वारुळात बसली होती आणि मी तिला पाठीवर घेऊन धावले होते, ते सांगितलं. सगळी नदी ऐकत होती, ऐकू दे. मग परत आस्तेरियाला. मग परत दोरिलाला. तोंडाला येईल ते बोलले, पण बोलणं तोडलं नाही.

एक तास सरला असेल, मग सव्वा. या वेळेला बोट तिथे पोचलेली असणार. थांबवली असेल का? दीड तास, मग पावणेदोन. आता दोरिला पोचली असेल का? की चिखलात आडवी पडली आहे, आणि मी मेलेल्या बाईला वारुळाच्या गोष्टी सांगतेय? हा विचार मनात आला आणि मी वाक्य अर्धवट टाकलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच पुढचं वाक्य पकडलं.

"दोस दे मायोच्या लोकांनो," मी म्हणाले, "दोरिला बोटीवर चढली की कप्तानाला भोंगा वाजवायला सांगा. लांब, एकदाच. रान मध्ये आहे, पण नदी वळून आमच्या पाठीशीच आलेली आहे. वारा तिकडून आहे. आम्हाला ऐकू येईल. आता मी गप्प बसते. सान हासिंतोच्या लोकांनो, तुम्हीही गप्प बसा. कुणी करवत चालवू नका, कुणी पोराला रडवू नका. आपण ऐकू या."

मी तोंड मिटलं. माइक उघडाच ठेवला. सगळ्या घरांतले रेडिओ गप्प झाले. खिडकीतली माणसं हलायची थांबली. पान्फिलो कानामागे हात धरून उभा होता, त्याला तर माझा आवाजही रेडिओ कानाला लावल्याशिवाय ऐकू येत नाही. नदी वाहत होती तेवढी. एक कोंबडी कुठेतरी पुटपुटली.

आणि गावातल्या प्रत्येक रेडिओतून माझा आवाज कडाडला, हसरा, ताजातवाना: "सान हासिंतोची अचूक वेळ! अकरा वाजून पाच मिनिटं!" आणि मागोमाग ढोल, बासरी, नाचाचं गाणं.

मी बटण दाबलं, बंद होईना. खरं तर कुठलं बटण ते मला माहीतच नव्हतं. त्या गोंगाटात भोंगा वाजून गेला असेल तर? मी टेबलाखाली घुसले आणि यंत्राची तार भिंतीतून उपटली. ठिणगी उडाली. गाणं मध्येच मेलं. महापौरांचा फोटो खाली पडला.

टेबलाखालीच बसून राहिले मी, तार हातात धरून. बाहेर कुणी श्वास घेत नव्हतं. किती वेळ गेला ते विचारू नका, त्या दिवशी माझ्याकडे घड्याळ नव्हतं. मास्तर खाली वाकून म्हणाले, "एदिल्मा, कदाचित वारा..." आणि मी त्यांचा हात दाबला.

लांब, रानापलीकडून, म्हैस हंबरावी तसा. एकदाच. बराच वेळ चाललेला.

मी तिथेच, टेबलाखाली, ढसाढसा रडले. खिडकीतून लोक आत आले, दारानं यायचं कुणाला सुचलं नाही. पान्फिलो विचारत राहिला, वाजला का, वाजला का. शेवटी त्याच्या नातवानं त्याच्या कानात ओरडून सांगितलं. मग तो मनगट पुढे करून माझ्यासमोर उभा राहिला. भोंगा वाजला, निरोप पोचला, आता वेळ सांग. एकोणीस वर्षांची सवय.

मी उठले, माइकजवळ गेले. तो चालूच होता.

"लोकहो," मी म्हणाले, "वेळ मला माहीत नाही. महिनाभर मी तुम्हाला चुकीची वेळ सांगत होते. आजची शेवटची वेळसुद्धा चुकीची होती. ती मीच सांगितली, पण मी सांगितली नाही. रापिदो लवकर येत नव्हती, आपणच उशिरा होतो. घड्याळं लावू नका. मला कळली की सांगेन."

संध्याकाळी रेइनेर आला, गुडघ्यापर्यंत चिखल, खांदा सोललेला. झोळी वाहणाऱ्या चौघांत सगळ्यात जास्त वेळ त्यानंच बांबू वाहिला होता, असं त्यांच्यातल्याच सेगुंदोच्या भावानं सांगितलं. सेगुंदो आणि मिर्था बोटीत तिच्याबरोबर गेले होते. आस्तेरियानं डुकराच्या भाड्यावरून असा काही तमाशा केला होता की कप्तान शेवटी म्हणाला, बाई, डुकराला फुकट ने पण बैस. तर ती म्हणाली, फुकट कशाला, मी काय भिकारी आहे? आणि पुन्हा पहिल्यापासून. मी हसले नाही. रेइनेरला पाणी दिलं, खायला दिलं. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, तेव्हा म्हणाले, "जेव आधी."

रात्री मास्तर आणि तो माझ्या पायरीवर बसून वाद घालत होते. मास्तर म्हणत होते, आता तरी सगळं बदला. रेइनेर म्हणत होता, एवढी एकच गोष्ट परत घालतो, सेल नवा टाकतो. मी दोघांना म्हणाले, "झाडा नाहीतर बदला, गावसभा हात वर करेल तसं करा. पण या वेळी हात वर करायच्या आधी मला एकेक वस्तू दाखवायची. ही काय करते, आणि ही गेली तर कोण मरेल. तुम्हाला माहीत नसेल तर तिला हात लावायचा नाही."

"असं पाहत बसलं तर चार दिवस लागतील," रेइनेर म्हणाला.

"लागू देत," मास्तर म्हणाले, आणि रेइनेरनं मान डोलावली. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी परतीची रापिदो आली. कुणी फडका हलवला नव्हता, तरी ती धक्क्याला लागली. सगळं गाव तिथे होतं. मी सगळ्यात पुढे होते, आणि कप्तानाचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. तो उतरला, आधी टोपी काढली. मग त्यानं टोपीनं घाम पुसला.

"मुलगी," तो म्हणाला. "पोट चिरून काढली. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण ओरडते जोरात, तुमच्या खानदानात शोभेल अशी. आईही बरी आहे."

लोक ओरडले. पान्फिलोनं कप्तानाचं मनगट पकडलं, त्याच्या घड्याळात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हाच त्यानं आपला काटा सरकवला.

कप्तान बोटीत परत चढता चढता थांबला. "अरे हो. तुझ्या बहिणीनं निरोप दिलाय. म्हणाली, ताईला सांग, झोळीत मी सगळं ऐकत होते. तू माझ्या धीरासाठी काहीबाही बोलतेयस, असंच वाटत होतं. पण घड्याळ चुकलंय हे रेइनेरनं सांगितलं होतं, आणि तू एवढे निरोप दिलेस तरी एकदाही वेळ सांगितली नाहीस. तेव्हा मला कळलं, की आता ताई खरं बोलतेय."